इंग्रजीत ३० पैकी सव्वाआठ! मराठी माध्यमवाल्यांनो, मार्ग सांगा

एस्टीचा प्रवासी (धागाकर्ता) | रविवार, रात्री ११.४०

मंडळी, आज मॉक (सराव परीक्षा) दिली. बँकभरतीच्या आयबीपीएस क्लार्कच्या प्रीलिमसारखी, म्हणजे पूर्वपरीक्षेसारखी. रीझनिंग बरं गेलं, गणित नेहमीसारखं. इंग्रजीत ३० पैकी २२ सोडवले, त्यातले ११ बरोबर आणि ११ चूक. चुकीला पाव मार्क वजा, म्हणजे हातात सव्वाआठ.

माझं शिक्षण सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत, पुढे तालुक्याला मराठी माध्यमात. आता बी.कॉम. होऊन पुण्यात अभ्यासिका लावली आहे. व्याकरणाचं जाडजूड पुस्तक दोनदा संपवलंय. नियम विचारा, झोपेतही सांगेन. पण एरर शोधायचं वाक्य आलं की चारही तुकडे मला बरोबरच दिसतात. शब्दांच्या याद्या पाठ करतो, आठवड्याने पाटी कोरी. उताऱ्याची शेवटची ओळ वाचेपर्यंत पहिली डोक्यातून गेलेली असते.

शेजारच्या टेबलवरचा मुलगा म्हणाला, रोज 'द हिंदू'चं संपादकीय वाच. पंधरा दिवस वाचलं. एका लेखाला दीड तास लागायचा आणि चाळीस शब्द शोधावे लागायचे. आता तो पेपर डब्याखाली अंथरतो.

चुकलेल्यांपैकी चार वाक्यं देतो. चारही वाक्यांना मी 'नो एरर' दिलं होतं.

१. दो ही वॉज टायर्ड, बट ही फिनिश्ड द वर्क.
२. आय ॲम लिव्हिंग इन पुणे सिन्स टू इयर्स.
३. यू कॅनॉट ॲपिअर अनटिल यू डू नॉट पे द फी.
४. द क्वालिटी ऑफ दीज मँगोज आर नॉट गुड.

आता बोला.

---

टवाळ | रविवार, रात्री ११.५२

डब्याखाली 'हिंदू' अंथरलात तरी भाजी मराठी माध्यमाचीच राहणार.

(गंमत हो. माझाही दहावीचा इंग्रजीचा निकाल असाच होता. वाचतोय.)

---

शाखाधिकारी | सोमवार, सकाळी ७.१०

मित्रा, आधी हिशेब समजून घे. प्रीलिमला इंग्रजीचे ३० प्रश्न आणि त्यांना वेगळी २० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. क्लार्कची परीक्षा मराठीतून देता येते हे खरं, पण इंग्रजीचा विभाग इंग्रजीतच राहतो. त्याला पळवाट नाही.

दुसरं, तुक्का. बँकेच्या पेपरात पर्याय पाच. डोळे मिटून ठोकलंस तर पाचात एकदा बरोबर, चारदा चूक. एक मार्क मिळाला, चार पाव गेले, शिल्लक शून्य. एक जरी पर्याय खात्रीने कटला तर पारडं किंचित तुझ्याकडे झुकतं. दोन कटले तर सोडू नकोस. तुझे ११ चुकले त्यातले किती आंधळे तुक्के होते, तेवढं तपास.

एसएससीला (दहावी नव्हे, केंद्राचं स्टाफ सिलेक्शन कमिशन) चार पर्याय असतात, तिथला हिशेब जरा वेगळा. त्यांच्या सीजीएल या पदवीधरांच्या परीक्षेत टियर १ म्हणजे पहिल्या टप्प्यात २५ प्रश्नांचे ५० मार्क, चुकीला अर्धा मार्क वजा. पण टियर २ ला इंग्रजीचे ४५ प्रश्न १३५ मार्कांचे, तिथे मात्र एका चुकीला पूर्ण एक मार्क जातो. पुढे तिकडे वळणार असशील तर इंग्रजी टाळून चालणार नाही.

माझा क्रम असा होता: आधी एरर, गाळलेल्या जागा, क्लोज टेस्ट (शब्द गाळलेला परिच्छेद) आणि शेवटी उतारा. आणि इंग्रजीत विचार करायला लाग. मराठीत भाषांतर करत बसलास की ४० सेकंद तिथेच संपतात.

---

निवृत्त खडू | सोमवार, सकाळी ११.२५

शाखाधिकारी साहेबांचा हिशेब चोख आहे. शेवटच्या वाक्याशी मात्र मी सहमत नाही. जरा विस्ताराने लिहितो, जुनी खोड.

मी सातारा जिल्ह्यात इंग्रजी शिकवलं. सुरुवातीला पाचवीपासून एबीसीडी शिकणारी मुलं होती. २००० साली पहिलीपासून इंग्रजी आलं, तीही मुलं हाताखालून गेली. दोन्ही पिढ्यांच्या वह्या तपासल्या. अक्षर बदललं, स्पेलिंग सुधारलं, चुका मात्र त्याच राहिल्या. कारण त्या इंग्रजीच्या चुका नाहीतच. ती बरोबर मराठी आहे.

प्रवासी, तुमची पहिली तीन वाक्यं मराठीत म्हणून बघा.

"जरी तो दमला होता तरी त्याने काम संपवलं." आपल्याकडे जरीला तरी लागतोच, जोडीने येतात. इंग्रजीत 'दो' आला की 'बट'ला आमंत्रण नाही. फार तर 'यट' चालतो. तसंच "कारण पाऊस होता म्हणून आलो नाही" असं बोलता बोलता निघून जातं आणि कागदावर 'बिकॉज... सो' उतरतं.

"मी दोन वर्षांपासून पुण्यात राहतोय." 'पासून' दिसला की हात आपोआप 'सिन्स'कडे जातो. पण मराठीचा पासून दोन कामं करतो: "सोमवारपासून" आणि "दोन वर्षांपासून". इंग्रजीने ही कामं वाटून दिली आहेत. सुरुवात सांगायची तर सिन्स, किती काळ ते सांगायचं तर फॉर. शिवाय 'राहतोय'मुळे 'ॲम लिव्हिंग' झालं, ती दुसरी चूक. हवं ते असं: आय हॅव बीन लिव्हिंग इन पुणे फॉर टू इयर्स. एका वाक्यात दोन खड्डे आणि तुम्ही दोन्हींवरून अलगद गाडी नेलीत, कारण तो तुमच्या गावचा रस्ता आहे.

"जोपर्यंत तू फी भरत नाहीस तोपर्यंत बसता येणार नाही." आपला नकार दोन्हीकडे. इंग्रजीत 'अनटिल' आणि 'अनलेस'च्या पोटातच नकार असतो. पुन्हा नॉट घातला की भाजीत दोनदा मीठ.

आता चौथं वाक्य. इथे मराठी गुन्हेगार नाही, उलट साक्षीदार आहे. "या आंब्यांचा दर्जा चांगले नाहीत" असं तुम्ही मंडईत म्हणाल का? नाही. "दर्जा चांगला नाही" असंच म्हणाल. म्हणजे कर्ता 'दर्जा' आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. इंग्रजीत मात्र क्रियापदाशेजारी 'मँगोज' बसलेला दिसला आणि डोळा फसला. अशा लांब वाक्यात क्रियापद दिसलं की स्वतःला मराठीत विचारा: काय चांगलं नाही? उत्तरात जो शब्द येईल त्याच्याकडे बघा. हवं ते 'इज'.

म्हणून माझं म्हणणं, मराठी डोक्यातून हाकलू नका. ती नेमकी कुठे आडवी येते आणि कुठे हात देते, ते ओळखा. व्याकरणाचं पुस्तक तिसऱ्यांदा वाचण्याऐवजी एक शंभर पानी वही घ्या. डाव्या पानावर चुकलेल्या वाक्याचं मराठी, उजव्या पानावर बरोबर इंग्रजी. दुसऱ्या दिवशी उजवं पान झाकायचं आणि मराठी वाचून इंग्रजी लिहायचं. जिथे हात अडखळेल तिथे लाल खूण.

---

शाखाधिकारी | सोमवार, दुपारी २.०५

सर, जरी-तरी झकास. पण परीक्षेत हे करायला वेळ कुठे आहे?

---

निवृत्त खडू | सोमवार, दुपारी ४.३०

परीक्षेत नाही हो, वहीत. सायकल शिकताना पायडल मोजतो, शिकल्यावर कोण मोजतं?

प्रेपोझिशनचंही तेच आहे. आपले प्रत्यय आणि त्यांची प्रेपोझिशनं जुळी भावंडं आहेत असं आपण धरून चालतो. "डॉक्टरशी लग्न झालं" म्हणून मॅरीड विथ. हवं मॅरीड टू. "गणितात हुशार" म्हणून गुड इन. हवं गुड ॲट. "माझ्यापेक्षा सीनियर" म्हणून सीनियर दॅन. हवं सीनियर टू. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर, प्रायर ही सगळी लॅटिनच्या घरातली मंडळी, यांना 'दॅन' खपत नाही. "विषयावर चर्चा केली" म्हणून डिस्कस्ड ऑन किंवा अबाउट. डिस्कसला काहीच लागत नाही. एन्टर, रीच (स्टेशनला पोचलो), ऑर्डर हेही तसेच एकटे राहणारे.

आणि "त्याने विचारलं की तू कुठे राहतोस" इथे आपण प्रश्न जसाच्या तसा ठेवतो. म्हणून 'ही आस्क्ड मी व्हेअर डू आय लिव्ह' कानाला गोड लागतं. बरोबर काय ते तुम्ही लिहा, मी उद्या तपासतो.

---

एस्टीचा प्रवासी | सोमवार, रात्री १०.१५

सर, ही आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड. बरोबर का?

पासूनचं वाचून अभ्यासिकेत मोठ्याने हसलो, सगळ्यांनी वळून बघितलं. दोन वर्षं मी लोकांना हेच चुकीचं वाक्य सांगत फिरतोय.

---

निवृत्त खडू | मंगळवार, सकाळी ६.५०

बरोबर. प्रश्नचिन्ह गेलं, 'डू' गेला, काळ एक पायरी मागे गेला.

---

मोगरा_७ | मंगळवार, दुपारी १.२०

मुलगी शाळेत गेली की मी अभ्यासाला बसते. एमपीएससीच्या कंबाइनची (संयुक्त परीक्षेची) तयारी सुरू आहे, मुख्य परीक्षेच्या पहिल्या पेपरात मराठीबरोबर इंग्रजी असतंच. 'टू' काढून वाक्य लिहा, 'नो सूनर' वापरून जोडा, हे रूपांतराचे प्रश्न मला जमतात. साच्यात बसतात. 'नो सूनर'ला 'दॅन', 'हार्डली'ला 'व्हेन', 'लेस्ट'ला 'शुड'. हे साचे फ्रिजवर चिकटवून ठेवलेत.

माझा घोळ आर्टिकलचा. ए-ई-आय-ओ-यू पाठ आहेत तरी युनिव्हर्सिटीला 'ॲन' लावते आणि ऑनेस्टला 'अ'. सर, काही युक्ती आहे का?

---

निवृत्त खडू | मंगळवार, संध्याकाळी ५.४०

ताई, आहे. आणि ती फक्त देवनागरीवाल्यांनाच वापरता येते!

नियम उच्चाराचा आहे, स्पेलिंगचा नाही. आणि आपली लिपी उच्चारावर चालते. तर शब्द मनातल्या मनात देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ.

युनिव्हर्सिटी: य, व्यंजन. अ युनिव्हर्सिटी. युरोपियन, युनिफॉर्म तसेच. ऑनेस्ट: ऑ, स्वर. ॲन ऑनेस्ट मॅन. अवर (तास): ॲन अवर. वन-रुपी नोट: व, म्हणून अ. एमबीए: ए, म्हणून ॲन एमबीए. ॲन एफआयआर, ॲन एक्स-रे, ॲन एलआयसी एजंट, पण अ यूपीएससी ॲस्पिरंट.

इंग्रजी माध्यमातली मुलं यावर धडपडतात. आपण बाराखडीवर जिंकतो.

---

टवाळ | मंगळवार, संध्याकाळी ५.४८

म्हणजे ॲन एसटी बस. धागाकर्त्याचा सन्मान झाला.

---

दूरदेशी | मंगळवार, रात्री ९.३०

सर, माफ करा, बाराखडीची एक विकेट पडतेय. मी मूळची सांगलीची, नर्स आहे, सध्या इंग्लंडमध्ये. 'वर्ष'साठीचा इंग्रजी शब्द आपण देवनागरीत कसा लिहितो? 'इयर'. स्वर! म्हणून मी आयेल्ट्सच्या (परदेशी जाण्यासाठी देतात ती इंग्रजीची परीक्षा) निबंधात 'ॲन इयर' लिहिलं होतं. खरा उच्चार 'यिअर' आहे, य ने सुरू होणारा. म्हणून अ यिअर. कानाला मात्र ॲन इअर, कारण तिथे खरंच स्वर आहे. इथल्या सहकाऱ्यांना हा फरक सहज ऐकू येतो, मला वर्षभर ऐकूच येत नव्हता.

---

निवृत्त खडू | बुधवार, सकाळी ६.४५

विकेट मान्य. त्रिफळाच. तीस वर्षं युक्ती शिकवली, 'इयर' कुणी काढला नव्हता. तुमच्या वहीत सुधारणा: देवनागरीत खरा उच्चार लिहा, सवयीचा नको.

---

शब्दवेल्हाळ | बुधवार, दुपारी १२.१०

शब्दसंग्रहाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून येतो. प्रवासी, याद्या पाठ केल्यात म्हणून पाटी कोरी होते. तुम्ही शाळेत थोडं संस्कृत तरी वाचलं असेल. तेच भांडवल आहे. संस्कृत आणि लॅटिन-ग्रीक या एकाच कुळातल्या भाषा, आणि इंग्रजीतले अवघड शब्द बहुतेक लॅटिन-ग्रीकमधून आलेले.

मृ, मृत्यू आणि तिकडचा 'मॉर्ट': मॉर्टल, मॉर्च्युरी, इम्मॉर्टल (अमर!). स्वप्न आणि 'सोम्नस': इन्सॉम्निया म्हणजे झोप न येणं, सोम्नॅम्ब्युलिस्ट म्हणजे झोपेत चालणारा. ज्ञा आणि 'ग्नो': ॲग्नॉस्टिक. गंमत म्हणजे पुढचा 'अ' सुद्धा आपल्या अज्ञानातलाच. युवन् आणि ज्युव्हेनाइल. विधवा आणि विडो. पद आणि पेडेस्ट्रियन. दंत आणि डेंटल. नव आणि नॉव्हिस (नवखा).

वन-वर्ड सब्स्टिट्यूशनमध्ये 'साइड'वाले शब्द हमखास येतात. साइड म्हणजे हत्या. पितृहत्या पॅट्रिसाइड, मातृहत्या मॅट्रिसाइड, राजाची हत्या रेजिसाइड. पितृ-पॅटर, मातृ-मेटर, राजा-रेक्स, सगळी नात्यातली. समास सोडवता येतो त्याला हे पाठ करावं लागत नाही, फोडावं लागतं.

सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर: सप्त, अष्ट, नव, दश. रोमनांचं वर्ष पूर्वी मार्चपासून सुरू व्हायचं, म्हणून आकडे दोनने हुकलेत.

---

शाखाधिकारी | बुधवार, रात्री ८.२०

सुंदर, पण धोका आहे. बँकेच्या पेपरात इन्सॉम्नियापेक्षा फ्रेझल व्हर्ब जास्त छळतात. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकलणं, पुट आऊट म्हणजे विझवणं, पुट अप विथ म्हणजे सहन करणं. यात कुठलं संस्कृत लावणार? हे वाक्यातूनच येतं. मी रोज पाच वाक्यं माझ्या आयुष्यातली बनवायचो. "आय पुट अप विथ माय रूममेट्स स्नोरिंग." अजून आठवतंय.

आणि आपल्या मराठीत रुळलेल्या इंग्रजीपासून जपा. "मी २०१९ चा पासआऊट" असं आपण म्हणतो. पेपरात 'पास आऊट' बहुधा बेशुद्ध पडलेला असतो.

---

शब्दवेल्हाळ | बुधवार, रात्री ८.४१

माझा २०१९ चा निकाल बघता दोन्ही अर्थ चालतील. फ्रेझल व्हर्बचा मुद्दा मान्य.

---

एस्टीचा प्रवासी | गुरुवार, रात्री १०.५०

वही सुरू केली. चार दिवसांत १९ पानं, लाल खुणा मोजवत नाहीत. आता उताऱ्याचं सांगा. आधी प्रश्न वाचायचे की आधी उतारा?

---

दूरदेशी | शुक्रवार, पहाटे ३.१५ (नाइट ड्यूटी)

यावर लोक भांडतात. मी आधी प्रश्न फक्त चाळायची, पर्याय वाचायचे नाहीत. पर्यायांतली चार-पाच चुकीची विधानं डोक्यात घेऊन उतारा वाचला की तीच उताऱ्यात दिसायला लागतात.

पण मार्क माझे दुसऱ्याच कारणाने जात होते. आयेल्ट्सच्या वाचनात ट्रू, फॉल्स आणि 'नॉट गिव्हन' असा प्रकार असतो. उताऱ्याच्या उलट आहे की उताऱ्यात नाहीच, हा फरक मला कळत नव्हता. आणि त्याचा इंग्रजीशी संबंध नाही. मराठीत करून दाखवते:

*"सलग तिसऱ्या वर्षी पावसाने दगा दिला, तरी गावाने गुरं विकली नाहीत. छावणीतला चारा उशिरा आला, तोही अपुरा. पाटलांच्या विहिरीला मात्र पाणी होतं."*

यावरून कोणती विधानं निश्चित म्हणता येतील?
अ) गावकऱ्यांचं गुरांवर फार प्रेम होतं.
ब) चारा गरजेपेक्षा कमी पडला.
क) पाटलांनी गावाला पाणी दिलं नाही.

उत्तरं द्या, मी वॉर्डमध्ये फेरी मारून येते.

---

मोगरा_७ | शुक्रवार, सकाळी १०.३०

तिन्ही बरोबर वाटतात.

---

टवाळ | शुक्रवार, सकाळी १०.३४

आमच्या गावचे पाटील असतील तर क नक्की. साक्ष द्यायला तयार आहे.

---

दूरदेशी | शुक्रवार, दुपारी १२.४०

टवाळराव, तुमचं हेच चुकलं आणि माझंही हेच चुकायचं. पाटलांनी पाणी दिलं की नाही हे उताऱ्यात कुठेही नाही. 'मात्र' या शब्दाने आपल्याला संशय आला आणि उरलेली गोष्ट आपण आपल्या गावातून आणून जोडली. गुरं का विकली नाहीत? प्रेम असेल, बाजारात भाव नसेल. माहीत नाही. निश्चित फक्त ब.

परीक्षेतला उतारा पर्यावरणावर किंवा बँकांवर असतो. आपण त्याच विषयाच्या नोट्स पाठ केलेल्या असतात, म्हणून उत्तर उताऱ्यातून न येता नोट्समधून येतं. मी एक शिस्त लावली: प्रत्येक उत्तराला उताऱ्यातल्या कुठल्या ओळीचा आधार ते बोट ठेवून दाखवायचं. बोट ठेवता आलं नाही तर तो पर्याय बाद. 'ऑल', 'नेव्हर', 'ओन्ली' असलेल्या पर्यायांवर तर दोनदा बोट.

वाचायला 'हिंदू'चं संपादकीय लगेच नको. मी आठवी-नववीच्या इंग्रजी माध्यमाच्या इतिहास-भूगोलाच्या पुस्तकांपासून सुरुवात केली. विषय मराठीतून आधीच माहीत, त्यामुळे अनोळखी शब्दाचा अर्थ संदर्भाने लागायचा आणि शब्दकोश दर ओळीला उघडावा लागायचा नाही. मग क्रिकेटचं पान, मग बातम्या. संपादकीय सहाव्या महिन्यात.

---

निवृत्त खडू | शुक्रवार, दुपारी ३.००

बोट ठेवून वाचणं! पहिलीच्या वर्गात आम्ही हेच करायला लावायचो.

---

मोगरा_७ | शुक्रवार, दुपारी ३.२५

लेकीची पुढच्या इयत्तांची पुस्तकं आतापासूनच मागवते. वाचनखूण साठवली.

---

एस्टीचा प्रवासी | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९.०५

धागा वर काढतोय. आजची मॉक: २४ सोडवले, १८ बरोबर, ६ चूक. साडेसोळा.

सहापैकी दोन उताऱ्यातले. बोट ठेवलं होतं, पण चुकीच्या परिच्छेदावर. एक फ्रेझल व्हर्ब. दोन तुक्के, एकेकच पर्याय कटला होता, तरी ठोकले (शाखाधिकारी साहेब, पारडं आज माझ्याकडे झुकलं नाही). सहावं वाक्य: 'वन ऑफ माय फ्रेंड लिव्ह्ज इन नाशिक'. "माझा एक मित्र" असं मनात म्हटलं आणि एकवचनावर शिक्का मारला. वहीच्या ६३ व्या पानावर गेलं ते. फ्रेंड्स, पण क्रियापद लिव्ह्जच.

डब्याखाली आता दुसरा पेपर असतो. 'हिंदू'चं क्रीडापान वाचतो, २० मिनिटांत होतं.

---

टवाळ | रविवार, रात्री ९.११

अभिनंदन! पार्टी कधी? आणि तोंडी परीक्षा: अ वडापाव, ॲन उसळ, मग उत्तप्पा?

---

एस्टीचा प्रवासी | रविवार, रात्री ९.२०

स्वर, म्हणून ॲन. पण आमच्या मेसमध्ये मंगळवारी एकच करतात आणि तो कोणाला मिळतो ते सगळ्यांना माहीत असतं, म्हणून 'द उत्तप्पा'.